पेरीकचा ठसका: पाइपमधला झणझणीत तंबाखू ताळ्यावर कसा आणायचा

व्हर्जिनिया हा गोडसर पाइप-तंबाखू, पेरीक हा दाबून आंबवलेला तिखट; या दोघांच्या मिश्रणाचा डबा उघडला की वासावर माणूस फिदा होतो. आलुबुखारा, सुकं अंजीर, मागून थोडा शिरका. मग पाइप पेटतो, दहा-बारा झुरके होतात आणि नाकातून डोक्यापर्यंत मिरी चढते. जिभेचा शेंडा हुळहुळतो, कपाळावर घाम येतो आणि डबा कपाटात मागच्या रांगेत जातो. नागपुरात असा डबा टाकून देणं जिवावर येतं. तंबाखू-सुपारी-चुन्याचा खर्रा कोणत्याही पानठेल्यावर मिळतो, पण पाइपचा परदेशी तंबाखू कुणी बाहेरून येणाऱ्याने आणला तरच हाती लागतो, आणि त्यालाही विनाशुल्क १२५ ग्रॅमच आणता येतो.

टाकायची गरज बहुधा नसतेच. डबा "फार तिखट" म्हणून बदनाम होतो, तेव्हा त्यात पेरीकचा दोष जेमतेम निम्मा असतो. उरलेला ओलाव्याचा आणि घाईचा असतो. म्हणून दुरुस्तीही त्याच क्रमाने करावी: आधी ओढणारा, मग ओलावा, आणि मिश्रणात हात घालायचा तो सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. डबा उघडल्या दिवशीच त्यात दुसरा तंबाखू ओततात आणि मग मूळ चव काय होती तेच कळत नाही.

पाइप ओढावा असा या लेखाचा आग्रह नाही. धूर छातीत घेतला नाही तरी तोंड, घसा आणि स्वरयंत्राच्या कर्करोगाचा धोका राहतोच. विदर्भात तोंडाचा कर्करोग काय करतो हे वेगळं सांगायला नको. जो ओढत नाही त्याने सुरू करू नये. ज्याला सोडायचं आहे त्याच्यासाठी १८००-११-२३५६ ही सरकारी निःशुल्क मदतवाहिनी आहे. पुढचं सगळं जे आधीपासून ओढतात त्यांच्यासाठी.

पेरीक एवढा तिखट का?

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, मिसिसिपी नदीकाठी, न्यू ऑर्लीन्स आणि बॅटन रूजच्या मधे सेंट जेम्स पॅरिश नावाचा छोटा भाग आहे. पेरीक तिथला. स्थानिक चॉक्टॉ आणि चिकसॉ लोकांची तंबाखू दाबून मुरवायची रीत पिएर शने नावाच्या शेतकऱ्याने १८२४ च्या सुमारास व्यापारी पातळीवर आणली, असं मानलं जातं. सुकवलेल्या पानांच्या शिरा काढतात, पानं थोडी ओली करून त्यांच्या जुड्या वळतात आणि व्हिस्कीच्या जुन्या लाकडी पिंपांत ठासतात. वरून स्क्रू-जॅकने जबरदस्त दाब देतात. पानांचा रस सुटतो आणि हवा न लागता पानं त्याच रसात जवळपास वर्षभर आंबतात. अधूनमधून पिंप उघडून पानांना वारा देतात आणि पुन्हा दाबतात. शेवटी जे निघतं ते काळंभोर, चिकट आणि आंबूस असतं.

नुसता पेरीक सहसा कुणी ओढत नाही. मिश्रणात तो शेकडा पाच-दहा असला तरी स्पष्ट जाणवतो, पंधरा-वीसवर गेला की बाकीच्यांना बोलू देत नाही. डब्यावर "पेरीक" लिहिलेलं असतं, प्रमाण मात्र क्वचितच. तेव्हा नाकावर विसंबावं लागतं.

आधी ओळखा: नेमकं काय झोंबतंय?

सगळा निर्णय इथे आहे, म्हणून इथे वेळ द्या. पाइपच्या बाबतीत "तिखट" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी जातात.

नाकात आणि घशाच्या वरच्या भागात मिरीसारखी झणझण होते, धूर नाकातून सोडला की वाढते आणि पाइप खाली ठेवला की मिनिटभरात उतरते. हा खरा पेरीक. याने जीभ दुखत नाही.

जिभेचा शेंडा आणि कडा भाजल्यासारख्या होतात, दुसऱ्या दिवशी चहासुद्धा टोचतो. यात पेरीकचा हात थोडा. ओला तंबाखू, गरम धूर आणि भराभर झुरके हे खरे गुन्हेगार. व्हर्जिनियात साखर भरपूर, त्यामुळे तो घाईने ओढला की जीभ सोलून काढतो.

तिसरी गोष्ट तिखटपणाची नाहीच. घेरी येते, मळमळतं, उचकी लागते, थंड घाम सुटतो. हे निकोटीन. नवशिके याला "कडक मसाला" म्हणतात आणि पुढच्या वेळी पाइपमध्ये तोच तंबाखू पुन्हा भरतात. असं झालं की पाइप तिथेच विझवा, मोकळ्या हवेत बसा, लिंबू-साखरेचं पाणी घ्या. उलट्या थांबत नसतील किंवा छातीत धडधड होत असेल तर डॉक्टर गाठा. उपाशीपोटी पाइप ओढणं हे याचं सगळ्यात नेहमीचं कारण.

तपासणी सोपी आहे. अर्धाच पाइप भरा, पोटभर जेवणानंतर तासाभराने बसा आणि पहिली पाच मिनिटं धूर अजिबात नाकातून सोडू नका, तोंडातूनच सोडा. त्रास गायब झाला तर तो पेरीकचा. जीभ तरीही भाजली तर ओलाव्याकडे वळा. दोन्ही ठीक पण डोकं फिरलं, तर तुम्हाला लहान पाइप हवा, सौम्य मिश्रण नव्हे.

सावजी जेवणानंतर ही तपासणी करू नका. कारण शास्त्रीय आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन (तिखटपणा देणारं द्रव्य) आपल्या जिभेवरच्या ज्या संवेदन-ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, चेतवतं, तोच ग्राहक साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेलाही जागा होतो. मिरची आधीच बसलेली असली की तो त्याहून कमी उष्णतेलाही पेटतो. म्हणजे सावजी मटणाच्या रश्श्यानंतर कोमट धूरसुद्धा जिभेला जाळ वाटतो आणि बदनाम होतो बिचारा डबा. (मे महिन्यात तर इथली हवाच ४३ ओलांडते, ते सोडून द्या.) अशा वेळी पाणी पिऊन भागत नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध, दही किंवा साय घातलेलं ताक घ्या. संत्र्याचा रस मात्र नको. सोललेल्या जिभेवर आंबट म्हणजे शिक्षाच. संत्रा बर्फी चालेल.

ओलावा: नागपूरची हवा लक्षात घेऊन

परदेशी पुस्तकी सल्ला असतो की तंबाखू पाऊण-एक तास उघडा ठेवा. तो सल्ला इथे जसाच्या तसा पाळला तर मे महिन्यात हातात भुसा येईल. नवतप्यात दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते आणि बारीक रिबन, म्हणजे धाग्यांसारखा कापलेला तंबाखू, पंख्याखाली दहा मिनिटांत कुरकुरीत होतो. त्याच घरात, कूलरच्या समोर, वाळ्याच्या ताट्यांतून येणाऱ्या ओल्या हवेत तोच तंबाखू तासभर ठेवला तरी सुकत नाही. एकाच वाड्यातल्या दोन खोल्यांत दोन हवामानं असतात. तेव्हा घड्याळ बघू नका, बोटांनी ठरवा.

चिमूटभर तंबाखू अंगठा आणि तर्जनीत दाबा. गोळा होऊन तसाच राहिला तर ओला. दाब सोडल्यावर सावकाश उलगडला तर योग्य. चुरा झाला तर जास्त सुकला. योग्य तंबाखू बोटांना किंचित गार लागतो, पण ओलसर लागत नाही.

सुकवायला साधा पांढरा कागद उत्तम. पाइपपुरताच तंबाखू काढून त्यावर पातळ पसरा. उन्हाळ्यात कूलर नसलेल्या खोलीत पाच-दहा मिनिटं, डिसेंबर-जानेवारीत वीस-तीस. जुलै-ऑगस्टमध्ये हवा ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की तंबाखू सुकण्याऐवजी उलट पाणी पितो. तेव्हा टेबललॅम्पच्या पिवळ्या बल्बखाली वीतभर अंतरावर ठेवा, मधे एकदा परतवा. मायक्रोवेव्हमध्ये कुणी सुचवलं तरी ठेवू नका. कडा जळतात, मधला भाग ओलाच राहतो.

जास्त सुकवणं हाही तिखटपणा वाढवायचाच मार्ग आहे. कोरडा तंबाखू भडकतो, धूर तापतो, व्हर्जिनियाचा गोडवा उडून जातो आणि मैदानात एकटी मिरी उरते. चुकून भुसा झालाच तर बरणीत तंबाखूच्या वर झाकणाखाली ओल्या स्वच्छ कापडाची लहान पट्टी लटकवा, तंबाखूला टेकू देऊ नका. रात्रभरात परत जीव येतो. पट्टी सकाळी काढायला विसरलात तर बुरशी.

ओढण्याची गती आणि भरणी

हे लिहिण्यापेक्षा करून बघण्याचं काम आहे, म्हणून थोडक्यात. पेरीकच्या मिश्रणाला लहान पाइप घ्या. बाऊलचा, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीचा, आतला व्यास १७-१९ मिलिमीटर असला तर पुरे. मोठ्या बाऊलमध्ये अर्धा भरण्यापेक्षा लहानात पूर्ण भरणं बरं. चाचणीसाठी मक्याच्या कणसाचा पाइप स्वस्त आणि थंड पडतो. जुना ब्रायर (लाकडी पाइप) वापरणार असाल तर आधी क्लीनर घालून स्टेम, म्हणजे तोंडात धरायची नळी, नीट पुसा. आत साचलेला काळा राळ स्वतःच कडू आणि तिखट असतो, आणि त्याचं खापरही पेरीकवर फुटतं.

तंबाखू पट्टीच्या रूपात, म्हणजे फ्लेक असेल, तर तो पूर्ण चुरून भरण्याऐवजी दुमडून भरा. दुमडलेला फ्लेक हळू जळतो, धूर थंड राहतो आणि मिरी दबते. पेटायला मात्र कटकट करतो, दोन-तीन काड्या जास्त लागतात. पाइप परत पेटवण्यात कमीपणा नाही. उलट जो कधीच विझत नाही तो पाइप बहुधा फार जोरात ओढला जातोय.

बाऊल गालाला लावून बघा. गालाला सहन होत नसेल तर पाइप खाली ठेवा आणि पेपरचं एक पान वाचा. धूर ओढायचा नसतो, चाखायचा असतो. ओठांत हवा किंचित आत-बाहेर झाली तरी पुरते. नाकातून धूर सोडायची हौस असेल तर तोंडातला बहुतेक धूर आधी बाहेर टाका आणि उरलेला कणभर नाकातून जाऊ द्या. पेरीकची अंजीर-मनुक्याची चव तेवढ्यातच कळते. पूर्ण झुरका नाकातून सोडणारा माणूस पुढची दोन मिनिटं "झणझणते ना भाऊ!" एवढंच म्हणत बसतो.

आणि बाऊलचा शेवटचा एक तृतीयांश भाग टाकून द्या. वरून खाली येताना ओल आणि राळ तळाशी साचत जातात, चव जाड आणि कडक होते. महाग तंबाखू म्हणून तळ खरवडणारेच सगळ्यात जास्त तक्रार करतात.

डब्याला श्वास घेऊ द्या

एवढं करून नाकातली झणझण तशीच असेल तर आता डब्याकडे. ताज्या उघडलेल्या डब्यातला शिरक्यासारखा उग्र वास बऱ्याचदा वरवरचा असतो. झाकण सैल ठेवून रात्रभर राहू द्या, सकाळी हलवून परत बंद करा. मे महिन्यात रात्रभर नको, दोन-तीन तास खूप झाले. एवढ्यानेसुद्धा काही डबे ओळखू येणार नाहीत इतके बदलतात.

खरा इलाज मात्र काळ. व्हर्जिनिया आणि पेरीक एकत्र मुरले की दोघांच्या कडा झिजतात; सहा महिन्यांत फरक कळतो, वर्ष-दोन वर्षांत डबा वेगळाच होतो. त्यासाठी रबरी कडेची घट्ट झाकणाची काचेची बरणी हवी. ती नवी घ्या. लोणच्याची बरणी कितीही घासली तरी झाकणाच्या रबरातून मोहरी आणि हिंग जात नाहीत, आणि वर्षभराने पाइपमधून आंब्याचं लोणचं येतं.

बरणी कुठे ठेवायची हा आपल्याकडचा खास प्रश्न. माळ्यावर अजिबात नाही. स्लॅबला चिकटलेला माळा मे महिन्यात भट्टी होतो. फ्रिजमध्येही नाही, बरणी बाहेर काढली की आत दव धरतं. मधल्या खोलीतल्या लोखंडी किंवा लाकडी कपाटाचा खालचा खण सगळ्यात बरा, अंधारा आणि त्यातल्या त्यात गार. त्याला कुलूप लावा. तंबाखू लहान मुलांनी थोडा जरी गिळला तरी विषबाधा होते, आणि आलुबुखाऱ्याचा वास त्यांना खाऊचाच वाटणार.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा बरणी उजेडात धरून बघा. पानांवर बारीक चमकदार कण दिसले तर घाबरू नका, जुन्या तंबाखूवर ते येतात. कापसासारखे पांढरे-हिरवे तंतू आणि कुबट वास म्हणजे बुरशी. मग पूर्ण बरणी टाकायची, वरचा थर काढून उरलेला ओढायचा नाही.

मिश्रण सौम्य करणं

इथे हिशेब लागतो. समजा डब्यात पेरीक शेकडा पंधरा आहे आणि तुम्ही २० ग्रॅम काढले. त्यात पेरीक ३ ग्रॅम. त्यात १० ग्रॅम साधा व्हर्जिनिया घातला की प्रमाण दहा टक्क्यांवर येतं. २० घातला तर साडेसात. पाचवर आणायचं तर ४० ग्रॅम घालावे लागतील, म्हणजे मूळच्या दुप्पट. म्हणून सुरुवात नेहमी दोनास एकने करा: दोन भाग डब्यातला, एक भाग साधा. मूळ प्रमाण ठाऊक नसलं तरी यात पेरीक एक तृतीयांशाने उतरतो, आणि तेवढं बहुतेकांना पुरतं. वजनाला दागिने तोलायचा लहान डिजिटल काटा घ्या. अंदाजपंचे मुठीने मोजलेलं मिश्रण आवडलं तर परत कधीच जमत नाही.

काय घालायचं यावर सगळं अवलंबून आहे. रस्सा तिखट झाला म्हणून नुसतं पाणी ओतलं तर तो पांचट होतो, तिखट जातच नाही. तसंच फिक्या पिवळ्या लेमन व्हर्जिनियाचं. तो गवती, आंबट-गोड, आणि स्वतः जीभ चावणारा. पेरीक कमी होईल, पण त्रास तोंडभर पसरेल. त्यापेक्षा रेड व्हर्जिनिया घ्या. तो पावासारखा, भरीव, मिरीला खाली बसवणारा. माझी पहिली पसंती तोच.

दुसरी पसंती बिनवासाचा ब्लॅक कॅव्हेंडिश. हा वाफ आणि दाब देऊन मऊ केलेला तंबाखू. शेकडा दहा-पंधरा घातला तरी धूर रेशमी होतो. पंचवीसच्या पुढे गेलात तर मात्र सगळं सपाट. व्हॅनिला किंवा चेरीचा वास लावलेला कॅव्हेंडिश मिळतो, तो इथे नको. व्हॅनिला आणि शिरका यांचं जमत नाही.

बर्ली या तंबाखूने धूर गोल होतो, पण निकोटीनही वाढतं. घेरी येणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. लताकिया हा धुरावर सुकवलेला तंबाखू मिरी कमी करत नाही, धुरकट वासाने ती फक्त झाकतो. आणि बिडीचा तंबाखू, जर्दा, खर्ऱ्यातला तंबाखू यांतलं काहीही पाइपच्या मिश्रणात घालू नका. निकोटीन भयंकर चढतं आणि खर्ऱ्यात तर चुना-सुपारीही असते. "आपल्याकडचा आहे, स्वस्त आहे" हे कारण ऐकायला बरं वाटतं, पाइपमध्ये नाही.

मिसळताना दोन्ही तंबाखू सारख्या ओलाव्याचे असू द्या, थोडे दमट असले तर उत्तम. स्टीलच्या कोरड्या ताटात बोटांनी उलगडत मिसळा, मळू नका. मळल्याने तुकडे होतात आणि बारीक चुरा भडकतो. बरणीत थोडं दाबून भरा, झाकण लावा आणि निदान दोन आठवडे विसरा. त्याच दिवशी ओढलेलं मिश्रण दोन वेगळे तंबाखू एकाच पाइपमध्ये भांडतायत असं लागतं.

सगळा डबा एकदम मिसळायची घाई करू नका. २० ग्रॅमवर प्रयोग करा, बाकी डबा तसाच राहू द्या.

डब्यात काळे धागे स्पष्ट दिसत असतील तर ते चिमट्याने वेचून काढण्याचा मोह होतो. काळं ते सगळं पेरीक नसतं. वाफवलेला व्हर्जिनिया, कॅव्हेंडिश, लताकिया हे सगळेच काळे. एक धागा नाकाशी धरा: आंबूस-फळासारखा वास तर पेरीक, चुलीच्या धुराचा तर लताकिया, नुसता गोडसर तर कॅव्हेंडिश. गोल चकत्यांच्या तंबाखूत मधला काळा ठिपका कधी पेरीकचा असतो, कधी कॅव्हेंडिशचा. तो काढून टाकलात आणि कॅव्हेंडिश निघाला, तर मिश्रण सौम्य होण्याऐवजी आणखी कडक होईल.

तरीही जमलं नाही तर

काही नाकांना पेरीक मानवतच नाही. मग डबा उलटा वापरा: तो ओढायचा तंबाखू न मानता जपून घालायचा मसाला माना. घरात एखादा फिका, कंटाळवाणा व्हर्जिनिया असेल तर त्याच्या नऊ ग्रॅममध्ये एक ग्रॅम हा तिखट डबा टाका. मूळ डब्यात पंधरा टक्के पेरीक धरला तर आता दीड टक्का राहिला. एवढ्याने मिरी जाणवत नाही, पण व्हर्जिनियाच्या मागे सुक्या अंजिराची गोडी येते. ५० ग्रॅमचा डबा असा वापरला तर अर्धा किलो मिश्रण होतं, तेव्हा बरणीवर प्रमाण, दोन्ही तंबाखूंची नावं आणि तारीख लिहून चिकटवा. शाई पावसाळ्यात फुटते, पेन्सिलने लिहा.